अवैध म्हणून बंद केलेली तक्रार

निवृत्तीनंतर पेणला घरी बसून मी भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं एक मोफत अ‍ॅप सांभाळत असे. त्याचा कोड सर्वांना खुला होता. ठिकठिकाणचे चार-पाच जण मिळून तो लिहीत. आमचं काम इश्यू ट्रॅकरवर चाले. ज्याला चूक दिसेल त्यानं तिथं इश्यू टाकायचा, आणि तो उघडा ठेवायचा की बंद करायचा ते मी ठरवायचं. तो अधिकार मला फार आवडे.

रोह्याच्या खाडीकाठच्या एका गावातून इश्यू आला. 'आमच्याकडे भरती अ‍ॅपच्या तासभर आधी येते.' लिहिणारा धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून गावच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, सांभाळत होता. भरती चढायच्या आत उघाडीच्या फळ्या टाकल्या नाहीत तर खारं पाणी भातशेतीत शिरतं. मी काही तपासलं नाही. 'तुमच्या फोनचं घड्याळ बघा,' असं लिहिलं, 'अवैध' असा शेरा मारला आणि इश्यू बंद केला. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या अमावास्येच्या उधाणाला मी त्याच गावात होतो. पाण्याची उंची मोजायला खुणांची काठी रोवायची होती. अ‍ॅपवाले साहेब म्हणून गावानं चहा पाजला. दुपारी काठी रोवतोय तोच पाणी चढू लागलं. अ‍ॅपच्या वेळेला अजून तास होता. उघाडी सताड उघडी. तो मोटरसायकलवरून पोचला तेव्हा पोटरीतलं भात पाण्याखाली गेलं होतं.

होड्यांतली वल्ही घेऊन गाव बांधावर जमलं होतं. पहिलं वल्हं त्याच्या खांद्यावर बसलं.

"कंपनीत झोपला व्हतास का रं?"

"अ‍ॅपची वेळ चुकली! मी लिवलंय तिथं, बघा!" त्यानं फोन पुढे केला. एकानं तो हिसकून वाचला.

"यात तर अवैध लिवलंय. म्हंजे खोटंच की!" फोन दगडावर आपटला.

"साहेब हायत ना, त्यांना इचारा!" चिखलात पडल्या पडल्या त्यानं माझ्याकडे हात केला.

सगळे वळले. वल्हं उगारलेलंच होतं. माझ्या काठीची वरची खूणही बुडाली होती. मी म्हणालो, "वेळ बरोबर आहे."

मग गावानं त्याला तुडवलं. हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. एक लाथ तोंडावर बसली. त्याचा डावा डोळा गेला तो त्या लाथेनं. बायको त्याच्यावर आडवी पडली, तर तिला केसांना धरून ओढलं. मी बांधावरून चालू लागलो. मागे वळलो नाही.

घरी येऊन अ‍ॅपमधली चूक मी गुपचूप दुरुस्त केली. इश्यू बंदच ठेवला. गावानं उघाडी त्याच्याकडून काढून घेतली. शेती बुडवणारा म्हणून अजून त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही.

गेल्या आठवड्यात मी इश्यू पुन्हा उघडला, 'अवैध' काढलं आणि खाली हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं: 'साहेब, हितं गावातला कोन वाचतोय? बांधावर या आन् तोंडानं सांगा.'

वल्ही तिथल्या पडव्यांत अजून असतील. सकाळच्या एसटीनं रोह्याला निघतो आहे. इश्यू उघडाच ठेवलाय. बंद करायचा तर आता त्यानं.