सोयाबीनच्या ढिगांमधून

आमच्या आडे सरांचं डोकं कायम तापलेलं. घाटंजीत ते आम्हा पोरींना बास्केटबॉल शिकवतात. शाळेचं कोर्ट सिमेंटचं, त्यामुळे सोयाबीन निघालं की शेजारचे सदाशिवराव तिथंच वाळवायला टाकत. दिवसभर पसरायचं, संध्याकाळी ढीग करून ताडपत्रीनं झाकायचं.

पहिल्या वर्षी सकाळी सहाला सरावाला गेलो, तर कोर्टवर नऊ ढीग. सर तडक सदाशिवरावांच्या दारात.

"ते काय खळं व्हय? काहून आणलं सोयाबीन?"

"मंग कुठं वाळवू, तुमच्या डोक्यावर?" सदाशिवरावांनी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही.

तो राग आमच्यावर निघाला. सरांनी आधी कोर्ट झाडायला लावलं, मग ओरडले, "गुडघे वाकवा, हात पसरा अन् ढिगांमधून आडवं सरका! ताडपत्रीले पाय लागला, तर पहिल्यापासून!"

पंधरा दिवस तेच. मांड्या अशा ठणकायच्या की जिना उतरवत नव्हता. पण जिल्ह्याच्या सामन्यांत आम्हाला चुकवून पुढं जाणं कोणालाच जमलं नाही.

यंदा सदाशिवरावांनी शेतातच सिमेंटचं खळं बांधलं. कोर्ट मोकळं झालं. सरांनी ढिगांच्या जागी पाण्याच्या बाटल्या मांडल्या. त्या आम्ही खुशाल पाडत राहिलो, कारण बाटली पडल्यानं कोणाचं काय जातं?

तिसऱ्या दिवशी सर पुन्हा तणतणत त्याच दारात उभे.

"भाऊ, यंदा सोयाबीन काहून नाही आणलं?"