डावी पापणी

“फोटो काढायला माणूस समोर असलाच पाहिजे असं काही नाही,” कोंडीराम ओव्हाळ एकदा म्हणाला होता.

ऐकणारे हसले. पहिल्या शिफ्टहून सुटून चिंचवड स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसलेली माणसं ती. फोटोवाल्यानंच असं बोलावं ही त्यांना गंमत वाटली. कोंडीराम मात्र हसला नाही. बशीतला चहा संपवून तो रूळ ओलांडून स्टुडिओकडे गेला. त्या दिवसांत तो खरोखरच अशा एका माणसाचा फोटो करत होता, जो सतरा वर्षांपूर्वी मेला होता आणि ज्याला त्यानं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

कोंडीरामचा बाप देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होता. पोरगा तिथंच लागायचा, पण विशीत तो छावणीतल्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफराकडे फोटो उमटवायच्या काचा धुवायला गेला आणि तिथंच राहिला. म्हाताऱ्याचा कॅमेरा म्हाताऱ्याहूनही म्हातारा होता. लाकडी पेटी, चामड्याचा भाता, पितळी भिंग. एकोणिसाव्या शतकात त्या पेटीनं गोऱ्या साहेबांचे आणि त्यांच्या घोड्यांचे फोटो काढले होते. डोक्यावर काळं कापड घेऊन आत शिरलं की समोरचा माणूस उलटा, पाय वर आणि डोकं खाली, दुधी काचेवर उभा दिसे. कोंडीराम म्हणे, पहिल्या दिवशी ते बघून त्याला बरं वाटलं होतं. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

शिकत असतानाच एकदा जवळच्या गावचा एक पाटील फोटोला आला. मान खाली होती म्हणून कोंडीरामनं दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. पाटील फोटो होईपर्यंत तसाच बसला. मग उठला आणि उपरण्याच्या टोकानं हनुवटी पुसली, जेवण झाल्यावर तोंड पुसावं तितक्या सहज.

त्यानंतर कोंडीरामनं कुणाच्याच चेहऱ्याला हात लावला नाही. त्यानं दुसरी युक्ती काढली. समोरच्याची मान वर हवी असली की तो स्वतःची मान वर करी. खांदा सरळ हवा असला की स्वतःचा खांदा सरळ करी. समोरचा माणूस नकळत तसंच करी. लोक म्हणत, काय अदबीचा माणूस आहे.

एकोणीसशे बासष्ट साली म्हातारा तो कॅमेरा त्याच्या हवाली करून गावी गेला आणि कोंडीरामनं चिंचवडला पत्र्याची खोली घेतली. दिवस बरे होते. आसपास कंपन्या उभ्या राहत होत्या, गेटवरच्या पासाला फोटो लागे. कोकणातली, मराठवाड्यातली पोरं भरती होऊन येत आणि पासाच्या फोटोबरोबर एक मोठा फोटोही काढून गावाला पाठवत. त्यासाठी खुंटीवर एक काळा कोट होता. पाठीत उभा कापलेला, मागून नाड्यांनी बांधायचा. त्यामुळे तो हडकुळ्यालाही बसे आणि पोट सुटलेल्यालाही. चिंचवडपासून चाकणपर्यंत किती घरांच्या भिंतींवर तो एकच कोट होता, कोण मोजणार.

“दुनियेला कोट घालता,” त्याची बायको रंभा म्हणे, “सवताच्या सदऱ्याला बटण न्हाई.”

“बटण समोरून दिसतं,” तो म्हणे, “म्हणून तर मी कापडात शिरतो.”

अडुसष्ट साली चिखलीहून चिमाबाई आली. जुन्या शेतकरी घरातली विधवा, पंचेचाळिशीच्या पुढची. बरोबर मुलगा जयसिंग आणि दीर मारुतराव. वैशाखात जयसिंगचं लग्न होतं. त्याचा बाप खंडू तो सहा वर्षांचा असताना तापानं गेला होता आणि त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात बापाच्या जागी पाटावर नुसती सुपारी मांडायची, हे चिमाबाईला नको होतं.

“तोंडावाचून किती दिस ठिवायचं माणसाला?” ती म्हणाली.

असली कामं कोंडीरामनं म्हाताऱ्याकडे पाहिली होती. घरातल्या जित्या माणसांचे फोटो एका उजेडात, एका मापात काढायचे, त्यातून कपाळ, नाक, जिवणी कापून जुळवायची, सांधे कुंचल्यानं मिटवायचे आणि त्या जुळवलेल्या चेहऱ्याचा नव्या काचेवर पुन्हा फोटो घ्यायचा. राहिलेलं काम मग काचेवर, बारीक टोकाच्या पेन्सिलीनं.

मारुतराव खुशीत स्टुलावर बसला. “कपाळ माझंच घे. खंडूचं नि माझं कपाळ एक हाय. आमच्या घराण्याचं कपाळ हाय ते.”

कपाळ आणि मिशी मारुतरावची, नाक आणि हनुवटी जयसिंगची. अंगात कोट. पंधरा दिवसांनी चिमाबाईनं पहिला फोटो हातात घेतला आणि लगेच परत दिला. “हे भावजी झाले.” दुसऱ्याला म्हणाली, “ह्यो आमचा जयसिंगच म्हातारा केलाय.” तिसरा बघून तर ती पदर तोंडाला लावून हसली. “ह्ये आमच्या बैलावानी बघतंय, बाबा.”

चौथ्या खेपेला ती एकटीच आली. कोंडीरामनं काही दाखवलं नाही. तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. “बाई, ते बघायचे कसे? तेवढं सांगा.”

तिनं दाराबाहेर बघितलं. मग म्हणाली, “रानाकडं बघायचे. जनावरांकडं बघायचे. म्या सोळा वर्सं नांदले. म्या बोलाया लागले का ते उठून जायाचे. मारत न्हवते, शिव्या न्हवत्या. नुसतं उठायचे.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मला त्यांचं डोळं ठावंच न्हाईत.”

मग ती बोलत राहिली. जयसिंगच्या वेळचं बाळंतपण, दारातली चिंच, पहिल्या वर्षी माहेरी जाऊ दिलं नाही ते. कोंडीराम ऐकत होता. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून जराशी उतरलेली होती. त्यामुळे तो ऐकत असला की बोलणाऱ्याला वाटे, याला आता दुसरं कुठलंही काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कोट अंगात घातला, स्वतः स्टुलावर बसला आणि कॅमेऱ्याचा, दाबला की फोटो निघे तो रबरी फुगा रंभाच्या हातात दिला.

“आता ह्ये काय?” रंभा म्हणाली. “कुठल्या कंपनीत लागलात?”

“तू बोल माझ्याशी. बोलत राहा आणि मधेच दाब.”

“काय बोलू?”

“काहीही. मी ऐकतो.”

“कवा ऐकलंय?” रंभा म्हणाली आणि फुगा दाबला.

त्या फोटोतले डोळे त्यानं कापून खंडूच्या कपाळाखाली बसवले. नव्या काचेवर पेन्सिल चालवून डावी पापणी उजवीइतकी उचलली. कुणाला कळलं नसतं.

चिमाबाईनं फोटो घेतला, दारातल्या उजेडात नेला. बराच वेळ पाठमोरी उभी होती.

“हां,” ती म्हणाली. “ह्ये.”

आणि फोटो पदराखाली घेतला. मारुतरावही खूश झाला. ज्याला त्याला दाखवत म्हणाला, “कपाळ बघा, कपाळ.”

तेरा वर्षं तो फोटो चिखलीच्या घरात होता. चंदनाचा हार, समोर उदबत्ती. कोंडीराम लग्नाच्या फोटोंसाठी त्या बाजूला गेला तर अंगणात थांबून पाणी पिई. दार उघडं असलं तर आतली भिंत दिसे. त्याचे डोळे आत देव्हाऱ्यासमोर होते, तो उंबऱ्याबाहेर. आत ये असं कुणी म्हटलं नाही आणि त्यानंही कधी विषय काढला नाही. एवढंच की पाणी प्यायला तो जरा जास्त वेळ लावी.

दरम्यान त्याचा धंदा बसत गेला. रिळाचे कॅमेरे आले, रंगीत आलं, कंपन्या पासाचे फोटो स्वतःच काढू लागल्या. स्टेशनासमोर ट्यूबलाइटचा स्टुडिओ झाला, अर्ध्या तासात तीन प्रती. कोंडीरामच्या मापाच्या काचा मिळेनाशा झाल्या. गिऱ्हाईक येई ते चुकून, किंवा ज्यांचं कुणी मेलं होतं ते.

एक्याऐंशी साली जयसिंग आला. चिखलीची जमीन संपादनात गेली होती. त्यानं निगडीला प्राधिकरणात प्लॉट घेऊन बंगला बांधला होता. कंपनीत सुपरवायझर, बोलणं शहरी झालेलं.

“कोंडीरामभाऊ, हॉलची भिंत एवढी मोठी आहे की त्यावर बाबांचा फोटो टिकलीएवढा दिसतो. मोठा करून द्या. वास्तुशांतीला लावायचाय. आईचं दुसरं काही मागणंच नाही. दिसत नाही आता तिला, मोतीबिंदू झालाय, तरी रोज विचारते.”

कोंडीरामनं पेटीतून ती काच काढली. ओलीनं तिच्यावरचा लेप उडाला होता आणि लेपाबरोबर पेन्सिलीचं कामही गेलं होतं. डावी पापणी पुन्हा खाली आली होती. लहान फोटोत ती फारशी दिसली नसती. दोन फुटांच्या फोटोत ती लपणार नव्हती.

त्यानं पेन्सिलीला टोक केलं, काच उताराच्या मेजावर लावली, काचेमागून उजेड यावा म्हणून खालचा आरसा वळवला. काम दहा मिनिटांचं होतं. तो अर्धा तास तसाच बसला. मग पेन्सिल ठेवली.

“झालं?” रंभानं विचारलं.

“राहू दे तशीच.”

तिनं वाकून काच बघितली. “वळखतील.”

“ओळखू दे.”

रंभानं सुईदोरा आणला. तिनं त्याच्या सदऱ्याला बटण लावून दिलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो चौकट बांधलेला फोटो घेऊन निगडीला गेला. बंगल्यात चुन्याचा वास होता. जयसिंगची बायको नीला त्याला म्हणाली, “आत या ना, बाहेर का उभे?” तो आत गेला. फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसला. चिमाबाई कोपऱ्यातल्या दिवाणावर होती, डोळ्यांवर पांढरी साय आलेली. समोर मारुतराव.

नीलानं चहा आणला. मारुतरावनं चहा घेता घेता फोटोकडे पाहिलं. मग कोंडीरामकडे. कप खाली ठेवला.

“कोंडीराम, जरा हिकडं बघ.”

कोंडीरामनं पाहिलं.

“आता फोटोकडं बघ.” मारुतराव हळू आवाजात म्हणाला. “जयसिंग, तूबी बघ. ती डावी पापणी.”

जयसिंग पुढे झाला. बघितलं आणि फोटोवरची नसलेली धूळ झटकू लागला.

“काय झालं?” चिमाबाईनं विचारलं. “लावला का?”

“वैनी, खंडूच्या तोंडावर ह्याचं डोळं हायती.”

“मग?”

“मग म्हंजे? देव्हाऱ्यासमोर कुणाचं डोळं लावायचं काय इचार हाय का न्हाई?”

“तुमचं कपाळ लावलं तवा तुमी काय बोलला न्हाई, भावजी.”

“कपाळ घरातलं हाय,” मारुतराव म्हणाला. “ह्यो फोटो भिंतीवर गेला तर म्या उद्या पूजेला थांबणार न्हाई. सांगून ठिवतो.”

जयसिंग फोटोपासून दूर झाला. चुलता उठला की भावकी उठणार. तो कोंडीरामजवळ बसला.

“भाऊ, तुम्ही फक्त नाही म्हणा. डोळे माझे नाहीत, योगायोग आहे, एवढंच. काका ऐकतील. नाहीतर हा फोटो खाली राहील, आणि आईला मी काय सांगू?”

“म्हन की,” मारुतराव म्हणाला. “न्हाई म्हन, म्हंजे मिटलं. मलाबी भांडान नको हाय.”

कोंडीराम भिंतीतल्या खिळ्याकडे बघत होता. एक शब्द होता आणि तो तोंडात आला असता तर म्हातारीची भिंत भरली असती.

“त्येला काय इचारताय?” चिमाबाई म्हणाली. तिनं मान वळवली, पण अंदाज चुकून ती खिडकीकडे बघत होती. “मला इचारा. तेरा वर्सं म्या त्या फुटूसंगं बोलतीया. सकाळच्याला, चूल पेटवताना. सुनंचं गाऱ्हाणं, भावजीचं गाऱ्हाणं. एकदाबी उठून गेला न्हाई. तसलं डोळं आमच्या घरात कुणाचं हाईत? असतील तर काढून द्या, ते लावू.”

नीलानं खाली बघितलं. मारुतरावनं कप उचलला, त्यात काही नव्हतं, पुन्हा ठेवला.

कोंडीराम उठला. कोपऱ्यातलं स्टूल त्यानं भिंतीखाली आणलं. चौकटीची काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, स्टुलावर चढला आणि फोटो खिळ्याला अडकवला. उतरून चार पावलं मागे सरकला. फोटो सरळ आहे का बघायला त्यानं मान जराशी डावीकडे झुकवली. समोर बसलेल्या मारुतरावची मानही, त्याच्या नकळत, तितकीच डावीकडे झुकली.

“सरळ लागला का रं?” चिमाबाईनं विचारलं.

कोंडीरामनं पुढे होऊन चौकटीचा उजवा कोपरा बोटभर खाली घेतला.

“लागला, आत्या,” नीला म्हणाली.

दारात त्याच्या चपला होत्या. त्यानं त्या पायात घातल्या, फाटक उघडलं, मागे नीट लावून घेतलं आणि तो बसस्टँडच्या दिशेनं चालू लागला.