चौथा दगड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायची धिटाई करतोय, सांभाळून घ्या.

सुट्टीत मी डोंगरातल्या तळ्याकाठी एका हॉटेलच्या काउंटरवर होतो. तिथे उतरलेले एक डॉक्टरकाका रोज सकाळी नकाशा पसरून दिवसाची सहल आखायचे. काकू आणि मुलगी धरून माणसं तीन. "तीन तिगाडा, काम बिगाडा," म्हणत ते चौथा म्हणून तळ्याकाठचा एक दगड गाडीत ठेवायचे.

"डॅड, त्यापेक्षा माझ्या बॉयफ्रेंडला बोलवू? वुई वॉन्ट टु गेट मॅरीड."

"दगड बरा. उलट बोलत नाही."

दोन वर्षांनी गणपतीत काकू भेटल्या.

"यंदा जावयाला घेऊन तिथेच गेलो रे. ह्यांनी दगडाला नमस्कार करून त्याला तळ्यात सोडलं, आणि नकाशा जावयाच्या हातात दिला."