देसान्काचं फुरसं

ढोबळ्या मिरच्या भाजून झाल्या होत्या. अर्ध्या सोलल्या, अर्ध्या घमेल्यात झाकून वाफवत ठेवलेल्या, तेवढ्यात शेजारची देसान्का आली. बुधवारचा उपास, दूधदुभतंही चालत नाही, म्हणून मी चीज वरच्या फळीवर ठेवलं होतं. तिने न विचारता खाली काढलं. देव तिला माफ करो, मी तर केव्हाच केलंय.

ही बाई उत्तरेच्या सपाट मुलखातली. आमच्या सीमेवरच्या गावात आरोग्य खात्याच्या नोकरीला आली. पलीकडे बल्गेरियात कोणती साथ आहे, तिथून इकडे कोण येतंय, आपल्याकडे किती पोरं बिनलसीची, हे सगळं तोलायचं आणि कागदावर धोका ‘कमी’ की ‘जास्त’ ते लिहायचं, हे तिचं काम. आवाज मात्र बैल हाकणाऱ्याचा.

फोन वाजला. माझे हात माखलेले, म्हणून तिनेच घेतला. पलीकडे त्स्वेताना होती, आमची बल्गेरियातली कुमा. रविवारी माझ्या सात महिन्यांच्या नातीला, दुन्याला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारी धर्ममाय.

फोन ठेवून देसान्का खिदळली. “तुझ्या कुमेकडे बारक्या फुरशाने कहर केलाय! नातू आणि शेजारची दोन पोरं. आता ताप उतरलाय म्हणे, नातवाला घेऊनच येतेय. माझ्या कागदावर धोका शून्य, हे बघ लिहिलं! फुरशाला पासपोर्ट कोण देणार?”

“ऑक्टोबरात फुरसं? चावलं कुठे?”

“आधी तोंडाला, मग सगळ्या अंगाला.”

“दमलं नाही का ते? नेमका शब्द काय म्हणाली ती?”

“द्रेब्ना शार्का.”

मी सुरी खाली ठेवली. “अगं भवाने, शार्का म्हणजे फुरसं ते आपल्याकडे! पलीकडे द्रेब्ना शार्का अंगावर उठते. आपल्या ‘लहान देव्या’ त्याच. गोवर!”

देसान्काचा घास तोंडातच राहिला. “दुन्याला लस?”

“वर्षाची झाल्याशिवाय देत नाहीत, तूच म्हणालीस.”

“मग ते पोरगं या घरात येता कामा नये. आणि कुमाही नको, एवढ्यात तरी.”

“कुमेला येऊ नको म्हणू? देवाला काय तोंड दाखवू?”

“देवाला माझं नाव सांग, रुमेना. तू मिरच्या सोल.” तिने फोन लावला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, “कुमाबाई, सरकारी हुकूम आहे! सगळ्यांनी घरात बसा!”

पलीकडून त्याहून मोठा आवाज आला. मला इथवर ऐकू आलं: “बसते! पण बाप्तिस्मा पुढे ढकला. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी पोरीला हात लावला, तर सीमा तोडून येईन!”

मी छातीवर क्रुसाची खूण केली. आतून दुन्या रडली, तिला उचलून घेतलं. कपाळ गार होतं.

देसान्काने कागदावरचं ‘शून्य’ खोडून ‘फार जास्त’ लिहिलं, बूट चढवले आणि बिनलसीच्या मुलांची यादी काढायला शाळेत गेली.