एकाच नावाच्या दोघी

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीलाही सोडलं नाही, त्या वर्षी छापील कागदावरचा माझा विश्वास उडाला. घरात बारावीपर्यंत शिकलेली मी एकटीच. त्यामुळे बियाण्याचं पाकीट आलं की त्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझं. 'बोंडअळीपासून संरक्षण' हे शब्द मीच ओसरीत बसून वाचले होते. दिवाळीनंतर सासरे हिरवं बोंड फोडून आतली अळी दाखवायचे. मला वाटायचं, ते मलाच दाखवताहेत.

त्याच हिवाळ्यात गावात भोंग्याची जीप आली. तालुक्याच्या गावी बायांचा नवा दवाखाना निघाला होता, तिथं छातीच्या गाठींची मोफत तपासणी होती. जीप तीच, भोंग्यातला आवाजही तोच, ज्येष्ठात बियाण्याची जाहिरात करणारा. विहिरीवर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. एक म्हणाली, फोटो काढतात. दुसरी म्हणाली, औषध आधी आपल्यावर वापरून पाहतात. मी त्यांना खोटं पाडलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

दोन दिवसांनी गावातल्या शिवणकाम करणाऱ्या खालानं मला आपल्या दारातूनच हाक मारली. आमच्या घरच्या सगळ्या बायांचे ब्लाऊज तीच शिवायची.

"बहू, तुह्या सासूले दवाखान्यात ने," ती हळूच म्हणाली. "माप घ्याले टेप लावला तं डाव्या अंगाले कशी दचकली. मागच्या साली बी मी तिकडून शिवण सैल केलती. तिनं मले कोणाले सांगू नको म्हटलं, पण मी सांगून राह्यली."

मी तिला विचारलं, "काऊन खाला, बाया नेल्या तं तुमाले काही भेटते का तिकडून?"

 ती टेप गळ्यात टाकून आत निघून गेली. तो प्रश्न आठवला की आजही मला कसंतरी होतं.

सासूला, म्हणजे आत्याबाईंना, तयार करायला आठ दिवस लागले. त्या पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटक, कापूस वेचायला माझ्या दोन ओळी पुढे. "काई नाई वो, झटका बसला असंन मोळी उचलतानी," हेच त्यांचं उत्तर. शेवटी तालुक्याच्या बाजाराला जातो असं घरी सांगून आम्ही निघालो आणि खाला आमच्यासोबत भाड्याच्या जीपमध्ये बसली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तरी आली.

दवाखान्यात मी प्रत्येक गोष्ट तपासत होते. पडदा नीट लागतो का, आत पुरुष आहे का, कोणाच्या हातात मोबाईल आहे का. अंगठ्यासाठी कागद पुढे आला तेव्हा तो मी पूर्ण वाचला. मागं रांग खोळंबली. 'ही माहिती अभ्यासासाठी वापरली जाऊ शकते' या ओळीवर बोट ठेवून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "अभ्यास कोणाचा?"

"नको असेल तर खोडा ती ओळ," त्या म्हणाल्या. त्यांनीच पेन दिलं. मी ओळ खोडली. इतक्या सहज खोडू दिली, याचाही मला संशय आला.

बाईंच्या हाताला आत्याबाईंच्या डाव्या बाजूची गाठ लगेच लागली. छातीचा यंत्रावर फोटो झाला, मग सुई टाकून गाठीतलं थोडं काढून घेतलं. आत्याबाईंनी माझं मनगट असं धरलं की नखांचे वळ उठले. रिपोर्ट आठ दिवसांनी न्यायचा होता.

आठ दिवसांनी मी एकटीच गेले. खिडकीतल्या मुलीनं पाकीट दिलं आणि म्हणाली, "साधी गाठ आहे, घाबरायचं काही नाही." मी पाकीट छातीशी धरून स्टँडपर्यंत गेले. मोटार लागली नव्हती, म्हणून बाकावर बसून कागद उघडला. नाव बरोबर, आडनाव बरोबर. वय चौतीस. गाव दुसरंच. आणि गाठ उजव्या बाजूची.

मी परत फिरले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "लिहिताना चुकलं असेल." मी आवाज चढवला तशा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी वही काढली, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. त्या दिवशी एकाच नावाच्या दोन बाया आल्या होत्या, दोघींच्याही गाठीत सुई टाकली होती. पाकिटं उलट गेली होती.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंची गाठ चांगली नाही. लवकर अकोल्याला न्यावं लागेल. मी दुसरी प्रत देते."

दुसरी प्रत मला नको होती. जे एकदा चुकले, ते पुन्हा काय लिहून देतील? मला शिक्क्याचा पहिला कागद हवा होता, आणि तो त्या दुसऱ्या बाईकडे होता. तिचा फोन बंद लागत होता. "आम्ही निरोप पाठवतो," असं ते म्हणाले, पण त्यावरही माझा भरवसा नव्हता.

गावी येऊन मी थेट खालाकडे गेले आणि झालं ते सांगितलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "पहिले पता सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या गावी पोचलो. शाळेमागं पत्र्याचं घर होतं. ती बाई चुलीपुढं बसून आपल्या आठ-नऊ वर्षांच्या लेकीला भाकर थापायला शिकवत होती. पोरीची भाकर परातीत तुटत होती आणि ही तिला रागावत होती, "पुन्हा कर. मी नसन तं बापाले काय देशीन?"

मी दवाखान्याचं नाव काढताच तिनं पोरीला बाहेर पाठवलं. रिपोर्टचं तिनं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "ताई, तुमची गाठ साधी हाय. तुमचा कागद माह्यापाशी आला."

तिचा चेहरा उजळला नाही. ती उलट मागं सरकली.

"तुले कोणी पाठवलं? मले आपरेशनले नाई जाऊ द्याचं का कोणाले? तुले काय भेटते सांगाले?"

खालानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तिला तिच्याकडचा कागद काढायला लावला आणि दोन्ही कागद पुढ्यात ठेवून वाचून दाखवले. वय, गाव, उजवी, डावी. तिनं पदराआडून उजव्या बाजूला हात नेला. मला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तर शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे नेऊन त्यांच्याकडून वाचून घेतलं. तेव्हा कुठं ती पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. रडता रडता एकदम थांबली.

"मंग त्या दुसरीले कोणी सांगतलं?"

"अजून नाई," मी म्हटलं. "आता घरी जाऊन सांगाचं हाय."

तिनं मला आमचा कागद दिला. पिठाच्या डब्यात ठेवला होता, घडीत पीठ अडकलं होतं.

आत्याबाईंना मी दुपारी गोठ्यात सांगितलं. त्या म्हशीपुढं वैरण टाकत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "कागद वाच. नाव वाचू नको, गाव वाच."

मी गाव वाचलं. वय वाचलं. डावी बाजू वाचली.

"मंग माह्यंच हाय," त्या म्हणाल्या, आणि राहिलेली वैरण टाकून हात धुतले.

अकोल्याला ऑपरेशन झालं, नंतर सलायनीतून औषधं चालली. केस गेले, तोंडाची चव गेली, पुढच्या वर्षी दोन्ही परत आले. डाव्या हाताला सूज येते, म्हणून त्या आता वेचणीला माझ्या मागं असतात.

बऱ्या झाल्यावर त्यांनी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी बांधली. डॉक्टरीणबाईंना नेऊन दे म्हणाल्या. मी चिडले. ज्यांनी आपला जीव दुसऱ्याच्या पाकिटात घातला त्यांना शेंगा कशाला?

"वही खोलून दाखवली ना तिनं तुले," त्या म्हणाल्या. "दडपता आलं असतं. बियाणंवाल्यानं दाखवली का वही?"

मी गेले. बाईंच्या टेबलावर पिशवी ठेवली. त्यांनी आत्याबाईंची तब्येत विचारली, मी मोजकं सांगितलं. राग गेला होता असं नाही. बाहेर खिडकीपाशी एक म्हातारी पाकीट हातात घेऊन निघाली होती. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "आजी, तुमचं गाव कोणतं? दाखवा बरं कागद."