चार पावलं मागे

बी.एड.साठी चंद्रपूरला निघाले त्या दिवशी बाबा तलावावरून तसेच ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर आले होते. गावाच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं ओढायच्या दिवशी घरटी एक माणूस लागतोच, हा मासेमारी करणाऱ्या आम्हा ढिवरांचा नियम. त्यांनी माझी बॅग आत सरकवली आणि बसपासून चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. मी खिडकीजवळ बोलावलं, तर म्हणाले, "बस तू. मी इथीच बरा आहो. हाताले वास येते." माझ्या शेजारी इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई होती. मी दुसऱ्यांदा बोलावलं नाही. खरं लिहायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गावात राहिलेल्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, तू तर सुटली बाई. हॉस्टेलमध्ये कुणी वडिलांचं काम विचारलं की मी "शेती" म्हणायची. धानाच्या दोन बांध्यांची जमीन आहे आमची, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं, अशी मी माझी समजूत घालायची. बोलणं बदललं, केसांना शाम्पू आला, पाठ टाचण काढता येऊ लागलं.

इंटर्नशिपसाठी मला मोहर्लीच्या वाटेवरची एक शाळा मिळाली. तिथेही गावाला लागून तलाव, तिथेही ढिवरांची वीस-पंचवीस घरं. सहावीतली पौर्णिमा त्याच मोहल्ल्यातली. शाळा सुटली की माझी डस्टरची पिशवी उचलून स्टाफरूमपर्यंत यायची.

माझा निरीक्षणाचा पाठ होता माशांच्या श्वसनावर. रात्रभर बसून कल्ल्यांचा रंगीत चार्ट केला होता. कॉलेजचे सर मागच्या बाकावर वही उघडून बसले. पाठ सुरू झाला आणि पौर्णिमा धापा टाकत आली. त्या दिवशी गावात जाळं ओढलं होतं. तिच्या आईला ताप होता, म्हणून घरचं माणूस म्हणून तीच पहाटे पाण्यात उतरली होती. माझा पाठ चुकू नये म्हणून आंघोळ न करता, नुसता गणवेश चढवून आली होती. आईच्या तापाचं नंतर कळलं; पण बाकीचं नंतर कळलं, असं म्हणायची सोय नाही. तिच्या ओल्या वेणीकडे पाहूनच मला सगळं कळलं होतं. वर्गात इतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

मुलं नाक दाबून हसायला लागली. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, चार्टची गरज नाई, मासोळीच आली." सरांनी मान वर केली. मी गोड आवाजात म्हणाले, "पौर्णिमा, तू आज तिकडे खिडकीजवळ एकटी बस हं." ती गेली. कल्ल्यांबद्दल प्रश्न विचारला तेव्हा तिचा एकटीचा हात वर होता. मी दुसऱ्या मुलीला उभं केलं.

सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्तम.'

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा आली नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तलावाच्या पाळीवर गेले. मायलेकी फाटलेलं जाळं पसरून बसल्या होत्या. तिच्या आईनं मला बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, पोरीचं पोट दुखून राह्यलं. पौर्णिमा वर बघेना. मी जाळ्याचं एक टोक ओढून गाठी मारायला लागले. हात विसरले नव्हते.

तिची आई बघतच राहिली. "बाई, हे तुमाले कुठी शिकवलं?"

"घरी," मी म्हणाले. "मी ढिवराचीच पोरगी आहो."

पौर्णिमानं पहिल्यांदा मान वर केली. "मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं नुसतं विचारलं. मी म्हणाले, माझं चुकलं. माझी एक गाठ सैल होती, तेवढी उकलून तिनं परत मारली.

सोमवारी ती शाळेत आली. मी मुलांना माझ्या बाबांबद्दल सांगितलं, पाठही पुन्हा घेतला, आणि ताजी मासोळी कल्ला उचलून कशी ओळखायची हे पौर्णिमानं वर्गाला समजावलं. मुलांनी नीट ऐकलं. मग मी तिला जुन्या जागी बसायला सांगितलं. म्हणाली, "मी इथीच बरी आहो, मॅडम."

ते शब्द मी आधी कुठे ऐकले होते, ते मला तिथेच फळ्यासमोर आठवलं.

दिवाळीनंतर परत निघाले तेव्हा बाबा सोडायला आले आणि सवयीनं मागे जाऊन उभे राहिले. मी बसमधून उतरले. ती चार पावलं चालून गेले आणि त्यांचे हात धरले. त्यांनी ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. "अवो, गाडी सुटते ना," म्हणाले, आणि इकडेतिकडे पाहू लागले. त्यांना ते अवघडच झालं असावं.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, माझे बाबा मासेमारी करतात. घर कुठे, असं विचारलं की मला दार किंवा अंगण आठवत नाही. बस आणि बाबा यांच्यामधली ती जागा आठवते. तिथपर्यंत जायला मला दोन वर्षं लागली.

माझी इंटर्नशिप संपली त्या दिवशीही पौर्णिमा खिडकीजवळच बसली होती.