मास्तरांचे चार पर्याय

शिक्षकच परीक्षेला बसणार असले की किस्से शोधायला जावं लागत नाही. आमच्या मंठ्यातल्या घरी ते दर रविवारी चालत येतात. आईच्या शाळेतले खरात सर आणि जाधव मॅडम अभ्यासाला येतात ना! इतकी वर्षं शिकवल्यावर आता आईसकट तिघांनाही पात्रता परीक्षा पास व्हायची आहे, नाहीतर नोकरी जाणार. प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी एरवी चारचौघांत बोलत नाही, पण छापलेलं वाचायला काही वाटत नाही.

*

खरात सर प्रश्न ऐकतच नाहीत. "पर्याय वाच. सगळ्यात लांब असतो तो बराबर. चुकीचं उत्तर लिहायला कोण एवढी मेहनत घेतंय?"

त्यांची बरीच उत्तरं बरोबर यायला लागली. मग एकदा मी वाचताना एका चुकीच्या पर्यायाला मनानेच दीड ओळ जोडली. सरांनी डोळे मिटून तोच निवडला. चुकलं म्हटल्यावर म्हणाले, "पेपर काढणारे हुशार होऊन राह्यले."

*

जाधव मॅडमचं म्हणणं, "ज्या पर्यायात मास्तर सगळ्यात गोड बोलतो, तोच टाकायचा."

मी वाचलं, विद्यार्थी रोज उशिरा येतो, शिक्षकाने काय करावे?

"जवळ बसवून कारण विचारावे," मॅडम लगेच म्हणाल्या.

पाचवीत उशीर झाला म्हणून त्यांनीच मला दाराबाहेर उभं केलं होतं. मी पुस्तकातून मान वर केली.

"पुढचा वाच," मॅडम म्हणाल्या.

*

'नेहमी' किंवा 'फक्त' असलेला पर्याय आधी काटायचा, हा आईचा नियम. ती तो इतका घोकायची की बाबांनाही पाठ झाला.

एकदा ती चिडली, "तुम्ही नेहमी दूध आणायला विसरता."

"नेहमी आलं," बाबा म्हणाले. "काट."

त्या दिवशी सगळ्यांना बिनदुधाचा चहा मिळाला.

*

परीक्षा जालन्याला झाली. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे तिघांचं पक्कं ठरलेलं. मी आणि बाबा गेटवर उभे होतो. आई बाहेर येऊन म्हणाली, "एक सोडला मी."

"मॅडम, एका मार्कानं नोकरी जाईल," खरात सर म्हणाले. "कोणता सोडला?"

"मुलगी वर्गात बोलत नाही, काय कराल?"

"सोपा होता की! सगळ्यांसमोर भाषणाला उभं करा. मी तेच टाकलं."

"चारही पर्याय वाचले मी," आई म्हणाली. "आमच्या हिला त्यातला एकही चालला नसता."